व्हेनेझुएला : कोणाची बाजू घ्यायची?

जागतिक राजकारणावर बोलायला आपल्याकडे माणसाला फारशी तयारी लागत नाही. एसटीच्या लांबच्या प्रवासात, लग्नाच्या मांडवात, सकाळी फिरायला निघणाऱ्या निवृत्तांच्या घोळक्यात पुतिन, ट्रम्प, नेतान्याहू, शी जिनपिंग यांची नावे शेजारच्या आळीतल्या माणसांसारखी घेतली जातात. यात गैर काही नाही. ज्या समाजाला जगाची उठाठेव करावीशी वाटते तो समाज अजून जिवंत आहे, असेच मी समजतो. परंतु या चर्चांचा एक ठरीव साचा झालेला आहे आणि तो मात्र घातक आहे. चर्चा धोरणांवर किंवा परिणामांवर होत नाही, माणसांवर होते. आणि माणसाची किंमत तो कोणाशी भांडतो यावरून ठरते. कुस्तीच्या फडात दोन मल्ल उतरले की प्रेक्षकाने एकाच्या नावाने आरोळी द्यायची, तसे काहीसे हे चालते.

२०२६ च्या जानेवारीत या साच्याचा चांगलाच कस लागला. ३ जानेवारीला पहाटे अमेरिकेच्या सैन्याने व्हेनेझुएलाच्या राजधानीवर, काराकासवर, हल्ला केला आणि निकोलस मादुरो व त्यांची पत्नी सिलिया फ्लोरेस यांना पकडून न्यूयॉर्कला नेले. सुरक्षा परिषदेची संमती नव्हती, खुद्द अमेरिकन काँग्रेसने तसा ठराव केलेला नव्हता. या कारवाईत बरीच माणसे मेली. एकट्या क्यूबाने आपले ३२ जण ठार झाल्याचे जाहीर केले. एका सार्वभौम देशाच्या सत्ताधीशाला रात्रीतून उचलून परक्या देशाच्या न्यायालयात उभे करण्यात आले. त्यानंतर आपल्याकडे जी मते ऐकू आली त्यांचे ढोबळ मानाने दोन तट पडले. एक म्हणाला, हुकूमशहा गेला ना, मग कसा गेला याची पंचाईत कशाला? दुसरा म्हणाला, ज्याला ट्रम्पने पकडले तो साम्राज्यशाहीशी झुंजणारा वीरच असला पाहिजे. पहिल्या तटात सुखवस्तू मध्यमवर्ग अधिक होता. दुसऱ्यात आपली माणसे होती. म्हणूनच दुसऱ्या तटाविषयी मला अधिक बोलावयाचे आहे. पण आधी पहिल्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

‘हुकूमशहाला हटविण्यासाठी’ अमेरिका काराकासला गेली, या म्हणण्याला उत्तर द्यायला लांबच्या इतिहासात शिरण्याची गरज नाही. ग्वातेमाला १९५४, चिली १९७३ ही यादी वाचकांना पाठ आहे. योगायोग असा की पनामाच्या नोरिएगांनी अमेरिकन सैन्यापुढे शरणागती पत्करली तो दिवसही ३ जानेवारीच होता, साल १९९०. त्या वेळीही अमली पदार्थांचेच कारण पुढे होते आणि त्या वेळीही संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आक्रमणाचा निषेध केला होता. आताच्या कारणाची सचोटी तपासायची तर एकच गोष्ट पुरे. होंडुरासचे माजी अध्यक्ष हुआन ओर्लान्दो हर्नांदेझ यांना अमली पदार्थांच्या व्यापाराबद्दल अमेरिकेच्याच न्यायालयाने २०२४ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा सुनावली होती. काराकासवरील हल्ल्याच्या जेमतेम महिनाभर आधी ट्रम्प यांनी त्यांना माफी देऊन सोडले.

आणि हुकूमशाहीचे काय झाले? मादुरो गेले, ५ जानेवारीला डेल्सी रॉड्रिगेझ यांचा हंगामी अध्यक्ष म्हणून शपथविधी झाला. या बाई मादुरोंच्या उपाध्यक्ष होत्या, तेलखातेही त्यांच्याकडेच होते. लष्कर तेच, पोलीस तेच, न्यायालये तीच. विरोधकांच्या नेत्या मारिया कोरिना माचादो यांना २०२५ चे शांततेचे नोबेल मिळाले होते, पण त्यांना देशात पुरेसा पाठिंबा नाही असे सांगून ट्रम्प यांनी त्यांना पहिल्याच दिवशी बाजूला सारले. अमेरिकन तेल कंपन्या मात्र तिथे जाणार, हे त्याच दिवशी जाहीर झाले. महिना संपण्याच्या आत व्हेनेझुएलाच्या संसदेने तेलाचा कायदा बदलून खासगी कंपन्यांना दार उघडून दिले. संसदेचे अध्यक्ष होते डेल्सीबाईंचे सख्खे भाऊ. माणूस उचलला आणि व्यवस्था जागेवर ठेवली, एवढेच नव्हे तर ती कामाला लावली. मादुरो या एका इसमावर वाद घालणारे दोन्ही तट येथे फसलेले दिसतात.

आता दुसऱ्या तटाकडे. मादुरो व त्यांच्या आधीचे ह्यूगो चावेझ हे समाजवादाचे नाव घेऊन राज्य करीत होते, आणि ते नाव आपलेही आहे. तेव्हा त्या नावाने केलेल्या कारभाराचा हिशेब तपासण्याची पहिली जबाबदारी वॉशिंग्टनवर नाही, आपल्यावर आहे.

चावेझ आकाशातून पडले नाहीत. १९७६ च्या जानेवारीत व्हेनेझुएलाने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, ते चावेझ यांनी नव्हे, कार्लोस आंद्रेस पेरेझ यांनी. तेच पेरेझ १९८९ मध्ये पुन्हा सत्तेवर आले आणि नाणेनिधीचा कार्यक्रम घेऊन बसले. बसभाडे वाढताच २७ फेब्रुवारीला काराकासच्या झोपडवस्त्या रस्त्यावर उतरल्या. सैन्याने शेकडो माणसे मारली. ज्या देशात तेलाच्या पैशावर दोन पक्ष आळीपाळीने राज्य करीत होते तेथील गरिबाचा त्या पक्षांवरील विश्वास त्या आठवड्यात संपला. १९९८ च्या डिसेंबरात चावेझ ५६ टक्के मते घेऊन आले ती निवडणूक निर्विवाद होती, आणि त्यांना मत देणाऱ्यांना मूर्ख म्हणणारे पंडित त्या वस्त्यांत कधी फिरकले नव्हते. त्या वेळी तेल पिंपाला दहा डॉलरच्या आसपास होते. २००८ च्या जुलैत ते १४० च्या वर गेले. या पैशातून वस्त्यांमध्ये दवाखाने निघाले, क्यूबाचे डॉक्टर आले, साक्षरतेचे वर्ग चालले, दारिद्र्य खरोखर घटले. हे नाकारणारा अप्रामाणिक आहे.

परंतु दवाखाना तेलाच्या भावावर उभा असेल तर भाव पडला की दवाखानाही पडतो. २०१० नंतर देशाच्या निर्यात-उत्पन्नात तेलाचा वाटा ९५ टक्क्यांच्या आसपास पोचला. म्हणजे क्रांतीच्या काळात अर्थव्यवस्था अधिक एकांगी झाली. चांगल्या वर्षांत शिल्लक टाकली नाही, उलट कर्ज काढले. सरकारी तेल कंपनीच्या व्यवस्थापकांनी २००२-०३ मध्ये चावेझ यांना पाडण्यासाठी संप केला, हा गुन्हा खराच. पण त्यावर सुमारे १८ हजार माणसे एकदम काढून टाकण्यात आली आणि त्यांच्या जागा निष्ठा पाहून भरल्या गेल्या. ओरिनोकोच्या पट्ट्यातले तेल डांबरासारखे घट्ट असते. ते पातळ करण्यासाठी दुसरे हलके तेल मिसळावे लागते, यंत्रे सतत राखावी लागतात. जगातील सर्वांत मोठा साठा, ३०० अब्ज पिंपांचा, आपल्याकडे आहे अशी फुशारकी काराकासने मारली आणि आता ट्रम्प मारतात; जमिनीखालच्या तेलाला कारागिराच्या हाताशिवाय काडीची किंमत नाही. १९९८ मध्ये रोज तीस लाख पिंपांहून अधिक तेल काढणारा देश २०२० मध्ये पाच लाखांच्याही खाली आला.

याहून मोठा घात विनिमयदराने केला. वर्गात मी हे प्रकरण शिकवीत असे तेव्हा मुले जांभया देत. त्यांच्यासमोर त्या वेळी व्हेनेझुएलाचे उदाहरण असते तर त्यांची झोप उडाली असती. २००३ मध्ये सरकारने परकीय चलनावर नियंत्रण आणले. डॉलर सरकारी दराने, सरकारच्या मर्जीने मिळू लागला. २०१४ च्या अखेरीस अत्यावश्यक आयातीसाठीचा हा दर होता डॉलरला ६.३ बोलिव्हार, आणि काळ्या बाजारात त्याच डॉलरला दीडशेहून अधिक बोलिव्हार मोजले जात होते. दुधाची भुकटी किंवा औषधे आणतो असा अर्ज करून ज्याने एक लाख डॉलर पदरात पाडून घेतले, त्याला ते सव्वासहा लाख बोलिव्हारांना पडले. भुकटी न आणता त्याने ते डॉलर बाजारात विकले तर हातात दीड कोटी. कोणता व्यापारी मग भुकटी आणील? भुकटी दुकानातून नाहीशी झाली, अर्ज करणारे गब्बर झाले. हे अर्ज मंजूर करणारी सही ज्यांच्या हातात, ते अधिकारी आणि लष्करशहा त्याहून गब्बर झाले. या नवश्रीमंतांना तिथल्या लोकांनी ‘बोलिबुर्झ्वा’ असे नाव ठेवले, म्हणजे बोलिव्हारच्या नावाने क्रांती करून झालेला भांडवलदार. बनावट कंपन्यांनी डॉलर लाटल्याची कबुली २०१३ मध्ये सरकारातल्या जबाबदार माणसांनीच दिली. आपल्याकडे आयात परवान्यांचा बाजार भरत असे. १९७४ चे तुलमोहन राम प्रकरण ज्यांना आठवते त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक प्रमाणाचा, आणि या गोष्टीचा की आपल्याकडे त्यावर संसद बंद पाडणारे विरोधी खासदार होते.

भांडवलशाही नष्ट न करता तिला सरकारी सहीची बटीक करणे, याला समाजवाद म्हणत नाहीत. सिमेंट आणि पोलाद २००८ मध्ये सरकारने घेतले, बी-बियाणे व खते पुरविणारी सर्वांत मोठी कंपनी २०१० मध्ये घेतली. पण कारखान्याच्या कारभारात कामगाराचा आवाज वाढला नाही आणि खताचे पोते शेतकऱ्याला वेळेवर मिळाले नाही. मालकाच्या खुर्चीत कर्नल बसला, इतकेच.

चावेझ २०१३ च्या मार्चमध्ये वारले, २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले, आणि मादुरो सरकारने तूट भरून काढण्यासाठी नोटा छापल्या. पुढची कहाणी आकड्यांत सांगता येते. २००८, २०१८ आणि २०२१ अशा तीन वेळा नोटांवरची शून्ये कापावी लागली, एकूण १४ शून्ये. २००७ सालचे शंभर लाख कोटी बोलिव्हार म्हणजे २०२१ चा एक बोलिव्हार. राष्ट्रीय उत्पन्न २०१३ ते २०२० या काळात सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. युद्ध न होता इतकी घसरण अलीकडच्या इतिहासात क्वचितच कोठे झाली असेल. सत्तर लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली; तीन कोटींच्या देशातून दर चौघांत एक म्हणावे इतकी. ती पायी कोलंबियात उतरली, पेरूत आणि चिलीत गेली. त्यांतले बहुसंख्य लोक उद्योगपती नव्हते, काराकासच्या त्याच वस्त्यांतले होते ज्यांनी १९९८ मध्ये चावेझ यांना डोक्यावर घेतले होते.

येथे आपले मित्र हटकून म्हणतात की हे सारे अमेरिकेच्या निर्बंधांमुळे झाले. निर्बंध क्रूर होते, याविषयी दुमत नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कर्जबाजार बंद झाला, २०१९ च्या जानेवारीत तेलविक्रीच तोडली, आणि त्याची झळ मंत्र्यांना नव्हे, मूत्रपिंडाच्या रुग्णांना लागली. आजारी माणसाचा गळा दाबणाऱ्याला आजाराचे कारण सांगून सुटता येत नाही. पण तारखा पाहा. दुकानांपुढच्या रांगा, औषधांचा तुटवडा, महागाईचा भडका हे सर्व २०१४ ते २०१६ मध्ये आलेले आहे. निर्बंधांनी आजार प्राणघातक केला. तो त्यांनी जडवला नाही.

शिवाय निर्बंधांनी कामगार संघटना मोडायला कोणी भाग पाडले? मादुरो हे स्वतः काराकास मेट्रोच्या बसचे चालक, कामगार चळवळीतून वर आलेले. त्यांच्या सरकारने २०१८ च्या ऑक्टोबरात एक परिपत्रक काढून सामूहिक करार निष्प्रभ केले. २०२२ च्या मार्चमध्ये किमान वेतन महिना १३० बोलिव्हार ठरले, तेव्हा ते तीस डॉलरच्या आसपास होते. ते पुढे वाढविलेच नाही, आणि २०२५ संपताना त्याची किंमत एका डॉलरहूनही कमी झाली होती. वर सरकार मर्जीप्रमाणे भत्ते देत असे. पण भत्त्यावर निवृत्तिवेतन बसत नाही, रजेचा पगार बसत नाही, आणि तो कधीही थांबविता येतो. आपल्या कोणत्याही गिरणी कामगाराला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर सर्वोच्च न्यायाधिकरणाने व्हेनेझुएलाच्या कम्युनिस्ट पक्षाचे निवडून आलेले नेतृत्व बाजूला सारून त्या पक्षावर आपल्या पसंतीचे मंडळ बसविले. मादुरोंच्या तसबिरीला हार घालणाऱ्या आपल्याकडील डाव्यांनी निदान या पक्षाचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे होते.

दुसऱ्यांचे ऐकायचे नसेल तर मिशेल बाशेलेत यांचे ऐकावे. चिलीच्या या समाजवादी नेत्या. त्यांचे वडील हवाईदलात जनरल होते, आयेंदे सरकारशी एकनिष्ठ राहिले म्हणून पिनोशेच्या तुरुंगात १९७४ मध्ये मेले. बाशेलेत यांनीही कोठडी भोगली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयुक्त म्हणून २०१९ मध्ये त्यांनी व्हेनेझुएलावर अहवाल दिला. विशेष पोलीस पथके गरीब वस्त्यांतील तरुणांना ठार करून चकमक झाल्याचा देखावा करतात, हे त्यात नोंदले आहे. त्याच अहवालात निर्बंधांमुळे हाल वाढतील, हेही आहे. ही बाई अमेरिकेची हस्तक आहे असे म्हणण्याची ज्याची तयारी असेल त्याने खुशाल म्हणावे.

दोघांनाही दोष देणे म्हणजे कुंपणावर बसणे, असा आक्षेप नेहमी येतो. १९५६ चा नोव्हेंबर आठवावा. एकीकडे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल सुएझवर तुटून पडले होते, दुसरीकडे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांत शिरले होते. नेहरूंच्या सरकारने सुएझचा निषेध तत्काळ आणि खणखणीत केला. हंगेरीच्या बाबतीत त्याची जीभ अडखळली, तेथे मुक्त निवडणुका व्हाव्यात या संयुक्त राष्ट्रांतील ठरावाविरुद्ध भारताने मतही दिले. तेव्हा नेहरूंना जाहीरपणे खडसावणारे जयप्रकाश होते. १९६८ मध्ये प्राग चिरडले गेले आणि भारताने गुळमुळीत भूमिका घेतली तेव्हा अशोक मेहता मंत्रिपद सोडून बाहेर पडले. हे लोक कुंपणावर नव्हते. ज्या माणसाच्या छातीवर रणगाडा चढला त्याच्या बाजूला ते होते, आणि रणगाड्याचा रंग त्यांनी विचारला नाही. लॅटिन अमेरिकेतही ही परंपरा जिवंत आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर मादुरोंचा विजय मान्य करायला नकार देणारे चिलीचे तेव्हाचे अध्यक्ष बोरिच डावेच, मतपत्रके दाखवा म्हणणारे ब्राझीलचे लुला डावेच. आणि २०२६ च्या जानेवारीत अमेरिकन हल्ल्याचा निषेध करणारेही हेच दोघे.

आपल्या सरकारने त्या जानेवारीत ‘गंभीर चिंता’ व्यक्त करणारे पत्रक काढले. त्यात अमेरिकेचा निषेध नव्हता. आपल्या तेल महामंडळाच्या परदेशी शाखेचे व्हेनेझुएलात ४० टक्के भागीदारी असलेले तेलक्षेत्र आहे आणि त्याचा लाभांश वर्षानुवर्षे थकला आहे. जामनगरला तिथले घट्ट तेल शुद्ध करण्याची सोय आहे. चिंता नेमकी कशाची होती, याचा तर्क वाचकांनी करावा.

राहता राहिली २८ जुलै २०२४ ची निवडणूक. व्हेनेझुएलात मतदान यंत्रावर होते आणि मतदान संपल्यावर प्रत्येक यंत्र मतमोजणीचा कागद छापून देते. त्याची प्रत हजर असलेल्या पक्ष-प्रतिनिधींना मिळते. निवडणूक मंडळाने मादुरोंना ५१ टक्के मते मिळाल्याचे जाहीर केले, पण केंद्रवार आकडे दिले नाहीत. विरोधकांच्या प्रतिनिधींनी, म्हणजे शिक्षिका, दुकानदार, निवृत्त कारकून यांनी, रात्रभर केंद्रांवर थांबून हे कागद मिळविले. ऐंशी टक्क्यांहून अधिक केंद्रांचे कागद प्रसिद्ध झाले आणि त्यांवरून एदमुंदो गोन्झालेझ यांना सुमारे ६७ टक्के मते पडल्याचे दिसले. कार्टर सेंटरच्या निरीक्षकांनीही ही निवडणूक लोकशाहीच्या कसोटीला उतरत नाही असा निर्वाळा दिला. कागद जमा करणाऱ्यांपैकी कित्येकांना पुढे तुरुंगात जावे लागले. मूळ कागदांचे गठ्ठे देशाबाहेर नेऊन पनामात सुरक्षित ठेवण्यात आले. मादुरोंना न्यूयॉर्कला नेणाऱ्यांनी त्या गठ्ठ्यांची चौकशी केली नाही. मादुरोंच्या जागी ज्या बसल्या त्यांना तर ती करायचीच नव्हती.